दोन पंचांगांचे शहर

परदेशप्रवासाच्या मार्गदर्शक पुस्तकांत 'केव्हा जावे' या मथळ्याखाली एक चौकट असते. बारा महिने, बारा कमाल तापमाने, बारा किमान तापमाने, पावसाचे मिलिमीटर आणि शेवटी एका ओळीचा निर्वाळा : मे ते सप्टेंबर उत्तम. अलीकडे ही चौकट पुस्तकातून उठून मोबाइलच्या पडद्यावर गेली आहे आणि आकड्यांच्या जोडीला सूर्य, ढग व थेंब यांची चित्रे आली आहेत. चौकट खोटी नसते. पण हवामान ही भाषेच्या अलीकडची गोष्ट आहे, पाऊस सर्वांवर सारखाच पडतो आणि ऋतू कोणत्याही भाषेत तेवढेच असतात, अशी समजूत ती नकळत करून देते. आमचे म्हणणे असे की, निदान काही शहरांच्या बाबतीत ही समजूत प्रवाशाची दिशाभूल करते. उदाहरणादाखल आम्ही उत्तर इटलीतले एक शहर घेतो. इटालियन भाषक त्याला बोल्त्सानो म्हणतात, जर्मन भाषक बोत्सेन.

साहित्याच्या अभ्यासकाने पर्यटनाच्या चौकटीत का डोकवावे, असे कोणी विचारील. कारण साधे आहे. 'केव्हा जावे' हा प्रश्न काळाचा आहे, आणि काळाला नावे देणे हे भाषेचे फार जुने काम आहे.

आधी शहराची ओळख. दक्षिण टिरोल, म्हणजे इटालियन नावाने आल्तो आदिजे, या स्वायत्त प्रांताची ही राजधानी. लोकसंख्या लाखाच्या थोडी वर. शहरात सुमारे तीनचतुर्थांश लोक इटालियन भाषक आहेत; प्रांतात मात्र दहातले जवळजवळ सात जर्मन भाषक, आणि डोलोमाइट पर्वतातल्या काही खोऱ्यांत लादिन ही तिसरी, लहान भाषा. 'आल्प्समधले शहर' म्हटल्यावर आपल्या डोळ्यांपुढे जी उंची उभी राहते ती इथे नाही. बोल्त्सानो समुद्रसपाटीपासून अवघे २६२ मीटर उंच आहे, म्हणजे पुण्याच्या निम्म्यानेही नाही. ते तीन नद्यांच्या संगमाजवळ, चहूबाजूंनी डोंगरांनी वेढलेल्या खोलगट भागात वसले आहे. जुलैत दुपारचे सरासरी कमाल तापमान ३० अंशांच्या आसपास असते, पारा ३५ च्या वर जाणे नवलाचे नाही, आणि उन्हाळ्यात इटलीतल्या सर्वांत तापलेल्या शहरांत त्याचे नाव वारंवार येते. जानेवारीच्या रात्री मात्र शून्याखाली. वर्षभराचा पाऊस साधारण पुण्याइतकाच, पण त्याची वाटणी वेगळी : हिवाळा बराचसा कोरडा, आणि सर्वाधिक पाऊस ऐन उन्हाळ्यात, दुपार कलल्यावर गडगडाट करीत येणारा, आपल्या वळिवाच्या जातीचा. लोकरीचे कपडे भरून जुलैत तेथे उतरणाऱ्या प्रवाशाची जी त्रेधा उडते ती एवढ्यावरून समजावी.

आता त्या उकाड्यावर शहराने काय उपाय काढला ते पाहू. शहराच्या डोक्यावर रिटन नावाचे पठार आहे, इटालियनमध्ये रेनॉन. बोत्सेनच्या सधन व्यापारी कुटुंबांनी सतराव्या शतकापासून उन्हाळ्यात या पठारावर बिऱ्हाड हलवण्याची रीत पाडली. मुक्काम ठरलेला : २९ जूनच्या संत पीटर व पॉल यांच्या सणापासून ८ सप्टेंबरच्या मेरीच्या जन्मदिनापर्यंत, मोजून ७२ दिवस. या रीतीला जर्मनमध्ये 'झोमरफ्रिशऽ' म्हणतात. शब्दाचे दोन तुकडे आहेत, उन्हाळा आणि गारवा. इटालियनमध्ये याच प्रकाराला 'विलेज्जातुरा' म्हणतात, आणि त्या शब्दाच्या पोटात 'विला' आहे, म्हणजे गावाकडचे घर. एक भाषा हवेचे नाव घेते, दुसरी घराचे. एकीत माणूस उकाड्यापासून पळतो, दुसरीत तो आपल्या दुसऱ्या घरी जातो. आणि घर आले की प्रतिष्ठा आली, पाहुणे आले, कर्ज आले. गोल्दोनीने १७६१ मध्ये विलेज्जातुरावर एकापाठोपाठ एक तीन सुखात्मिका लिहिल्या आणि ऐपत नसताना सुट्टीला जाण्याच्या हव्यासाची यथेच्छ थट्टा केली. झोमरफ्रिशऽ या शब्दातून अशी त्रयी निघाली असती का, याबद्दल आम्ही साशंक आहोत. गारव्याची थट्टा करता येत नाही.

मराठीचा कल या बाबतीत जर्मनकडे आहे, हे सहज लक्षात येईल. आपण 'हवापालट' करायला जातो आणि जिथे जातो ते 'थंड हवेचे ठिकाण' असते. महाबळेश्वरला बंगला असणारी माणसे होती, पण भाषेने बंगल्याची दखल घेतली नाही, हवेची घेतली.

रिटनवर आज बोत्सेनहून तारेवरचा पाळणा जातो आणि साधारण बारा मिनिटांत १२२० मीटरवर पोचवतो. उंचीतला फरक ध्यानात घेतला तर हा प्रवास पाचसहा अंशांचा आहे. वर एक छोटी रेल्वे आहे, १९०७ साली सुरू झालेली. फ्रॉइड १९११ च्या उन्हाळ्यात याच पठारावर मुक्कामाला होता. लग्नाचा पंचविसावा वाढदिवसही त्याने तिथेच साजरा केला. मानववंशशास्त्रज्ञ मालिनोव्स्कीचे घरही याच पठारावर होते. आदिम समाजांच्या रूढींविषयी लिहिणाऱ्या या दोघांना, खाली ७२ दिवसांची एक रूढी पाळणारे व्यापारी दिसत होते की नाही, कोण जाणे.

'केव्हा जावे' या चौकटीत ही ७२ दिवसांची मोजणी नसते. तिथे जून, जुलै, ऑगस्ट असतात. पण बोल्त्सानोच्या लोकांचे वर्ष महिन्यांत नव्हे, सणांत आणि म्हणींत विभागलेले आहे. आणि त्या म्हणी दोन भाषांत दोन ठिकाणी पडतात. सप्टेंबरच्या अखेरीस परत येणारी कोवळी ऊब जर्मन भाषक 'आल्टवायबरझोमर' म्हणून ओळखतात : म्हाताऱ्या बायांचा उन्हाळा. हवेत तरंगणाऱ्या कोळ्यांच्या पांढऱ्या धाग्यांशी या नावाचा संबंध जोडतात. (आपल्याकडे वाऱ्यावर उडणाऱ्या रुईच्या बीला मुले म्हातारीच म्हणतात, याची इथे आठवण होते.) इटालियन भाषकाचा दुसरा उन्हाळा मात्र ११ नोव्हेंबरच्या आसपास येतो आणि तो संत मार्टिनच्या नावावर असतो. म्हणजे एकाच शहरात परतीचे उन्हाळे दोन, आणि त्यांत दीड महिन्याचे अंतर. थंडीचेही तसेच. इटालियन म्हणीप्रमाणे वर्षातले सर्वांत गार दिवस जानेवारीचे शेवटचे तीन, कस्तुर पक्ष्याच्या मादीचे. ती मूळची पांढरी. थंडीने गारठून तीन दिवस धुराड्यात दडली आणि काळी होऊन बाहेर आली. जर्मन भाषक शेतकरी ज्या थंडीला भितो ती ११ ते १५ मे या दिवसांतली, 'बर्फाच्या संतां'ची : सारे काही फुलून आल्यावर एका रात्रीत पडणारे दहिवर. दोन्ही गोष्टी दोन्ही भाषांना ठाऊक आहेत. कोणती जिव्हाळ्याची, हा फरक आहे. मृगाचे वाहन यंदा कोणते, हत्ती की बेडूक, हे पाहून पावसाचा अंदाज बांधणाऱ्यांच्या नातवंडांना यात परके वाटण्याचे कारण नाही. आणि शुद्धतेचा फार अभिमान असणाऱ्यांनी हेही ध्यानात घ्यावे की आपल्या परतीच्या उन्हाळ्याला आज सर्रास वापरला जाणारा शब्द 'ऑक्टोबर हीट' हा आहे.

१५ ऑगस्टचे उदाहरण तर प्रवाशाच्या थेट उपयोगाचे आहे. इटालियनमध्ये हा दिवस 'फेर्रागोस्तो', मूळ रोमन सम्राट ऑगस्टसच्या सुट्टीचा. या दिवसाच्या आगेमागे सारा देश शहरे सोडून समुद्राकडे वा डोंगराकडे निघतो, रस्ते तुंबतात, खोल्या मिळत नाहीत. त्याच दिवशी प्रांतातल्या जर्मन भाषक खेड्यांत मेरीच्या स्वर्गारोहणाचा सण असतो आणि बायका रानातल्या औषधी वनस्पतींच्या जुड्या चर्चमध्ये आशीर्वादासाठी आणतात. ज्याला गर्दी टाळायची आहे त्याने या दिवशी येऊ नये, आणि ज्याला हा प्रदेश समजून घ्यायचा आहे त्याने याच दिवशी यावे. चौकट दोघांनाही एकच उत्तर देते.

इथवर आम्ही दोन भाषा वेगळ्या कशा, ते सांगितले. पण आम्हांला अधिक मोलाची वाटते ती दुसरी बाजू. वाऱ्यांची नावे पाहा. आल्प्स ओलांडून खाली उतरणारा कोरडा, उबदार वारा जर्मनमध्ये 'फ्योन'. बोत्सेनला तो उत्तरेकडून येतो, हिवाळ्यातही आभाळ लख्ख करतो. हा शब्द अस्सल जर्मन वाटतो, पण तो लॅटिन 'फावोनिउस'पासून आला आहे. रोमन कवींचा हा वसंत आणणारा पश्चिमेचा वारा. डोंगरातल्या रोमान्स बोलींमधून तो जर्मनमध्ये शिरला, वळणे घेत 'फ्योन' झाला. विसाव्या शतकाच्या आरंभी केस वाळवण्याचे यंत्र निघाले, त्यालाही जर्मनांनी हेच नाव दिले. आणि मग ते यंत्र इटलीत गेले तेव्हा सोबत शब्दही गेला. आज इटालियन माणूस न्हाणीघरात 'फोन' हातात घेतो तेव्हा रोमच्या कवितेतला वारा जर्मन कारखान्याच्या मार्गाने घरी परतलेला असतो. उलट दिशेने, दुपारी दक्षिणेच्या गार्दा सरोवराकडून खोऱ्यात वर येणाऱ्या वाऱ्याचे नाव 'ओरा'. शब्द रोमान्स, पण बोत्सेनच्या दक्षिणेचे जर्मन भाषक द्राक्षबागाईतदारही त्याला ओराच म्हणतात. शरदात शेतकऱ्यांच्या घरी बसून नवी वाइन आणि भाजलेले चेस्टनट खाण्याची रीत ही दक्षिण टिरोलची खास जर्मन रीत मानतात. तिचे नाव 'टोर्गेलन'. त्यातला 'टोर्गल' म्हणजे द्राक्षे पिळण्याचा घाणा, आणि तो लॅटिन 'तोर्कुलुम'. इटालियन भाषक या रीतीला गेले तर शब्द न बदलता जातात. सायंकाळी डोलोमाइटचे कडे गुलाबी होतात, त्यासाठी लादिन भाषेत 'एनरोसादिरा' असा शब्द आहे. सर्वांत लहान भाषेचा हा शब्द इटालियनने आनंदाने उचलला.

या शब्दांना कोणी सरहद्दीवर अडवले नाही. गावांच्या नावांची कथा वेगळी आहे. पहिल्या महायुद्धानंतर १९१९ च्या तहाने हा प्रदेश ऑस्ट्रियाकडून इटलीकडे गेला आणि १९२० मध्ये रीतसर जोडून घेतला गेला. एत्तोरे तोलोमेई या गृहस्थाने १९१६ मध्येच इथल्या हजारो स्थळांना इटालियन नावे देणारी एक सूची छापली होती. काही नावे जुनी, प्रचारातली होती. 'बोल्त्सानो' हे स्वतः तसे जुने नाव आहे. काही लॅटिनमधून उकरून काढलेली; कित्येक बसल्या जागी घडवलेली. १९२३ मध्ये फॅसिस्ट सरकारने फर्मान काढून ही नावे अधिकृत केली. जर्मन शाळा बंद झाल्या, शिक्षिका तळघरांत व माळ्यांवर चोरून वर्ग घेऊ लागल्या. १९३९ मध्ये हिटलर व मुसोलिनी यांच्या करारानुसार जर्मन भाषकांपुढे पर्याय ठेवण्यात आला : भाषा हवी तर देश सोडा, देश हवा तर भाषा. आजची स्वायत्तता १९७२ च्या कायद्याची, आणि शंभर वर्षे उलटूनही स्थळनामांचा वाद पुरता मिटलेला नाही. २००९ च्या सुमारास तर डोंगरातल्या पायवाटांवर केवळ जर्मन नावे असलेले फलक लागल्यावरून मोठे वादळ उठले. बेळगाव की बेळगावी हे ज्याने जवळून पाहिले आहे, त्याला या वादळाचे हवामान समजावून सांगावे लागणार नाही.

साहित्याच्या विद्यार्थ्यांना शहराचा मुख्य चौक म्हणूनच आवर्जून दाखवावा. त्याच्या मधोमध एका कवीचा पुतळा आहे : मध्ययुगीन जर्मन कवी वाल्टर फॉन डर फोगेलवायडऽ. तो १८८९ मध्ये उभारला, तेव्हा शहर ऑस्ट्रियाचे होते. त्याला उत्तर म्हणून दक्षिणेच्या त्रेन्तो शहरात इटालियन भाषकांनी १८९६ मध्ये दान्तेचा पुतळा उभा केला. १९३५ मध्ये फॅसिस्ट राजवटीने वाल्टरला चौकातून उचलून एका बागेत हलवले. तो परत आला १९८१ मध्ये. नदीपलीकडे १९२८ चे विजयस्मारक आहे. त्यासमोरच्या 'विजय चौका'चे नाव २००१ च्या अखेरीस नगरपालिकेने बदलून 'शांतता चौक' केले, तर पुढल्याच वर्षी नागरिकांनी सुमारे ६२ टक्के मतांनी जुने नाव परत आणले. आम्हांला यात दिसते ते असे : जिथे नाव वरून लादले गेले तिथे चांगल्या हेतूने दिलेले नावही लोकांना फर्मानच वाटते. फ्योनचे नाव मात्र कोणीच मतदानाला टाकले नाही.

यावर एक आक्षेप येईल. वाऱ्याला मालक नसतो, जमिनीला असतो. म्हणून वाऱ्याच्या नावावरून भांडण नाही. आक्षेप खरा आहे, पण पुरता नाही. कारण हवामानाची भाषाही या प्रदेशात जीवनमरणाची आहे आणि तिच्याबाबत मुद्दाम, कष्टाने केलेला समझोता आहे. टिरोल, दक्षिण टिरोल आणि त्रेन्तिनो हे तीन प्रांत दोन देशांत विभागलेले आहेत. त्यांच्या हिमस्खलन-इशाऱ्यांच्या पत्रिका पूर्वी वेगवेगळ्या निघत. डिसेंबर २०१८ पासून तिघांची मिळून एकच पत्रिका निघते, जर्मन, इटालियन आणि इंग्रजीत. धोक्याच्या पाच पायऱ्या ठरलेल्या आहेत. त्याहून लक्षणीय आहे ती तिची वाक्यरचना. इशारा देणारा तज्ज्ञ मनाला येईल ते वाक्य लिहीत नाही. आधीच तपासून अनुवादित केलेल्या वाक्यखंडांच्या संग्रहातून तो वाक्य जुळवतो, त्यामुळे एका भाषेत ते पुरे होताच इतर भाषांतही तयार होते. शैलीच्या दृष्टीने असले गद्य दरिद्रीच. पण जर्मन वाचणाऱ्या आणि इटालियन वाचणाऱ्या गिर्यारोहकाला एकाच उतारावर एकाच सकाळी तीच माहिती मिळावी, अर्ध्या छटेचाही फरक पडू नये, यासाठी ते दारिद्र्य पत्करले आहे. अनुवादाच्या वर्गात आपण छटांच्या नुकसानीबद्दल इतके बोलतो. ज्या अनुवादात छटा म्हणजे धोका, त्याचाही एक तास घ्यायला हरकत नाही.

१७८६ च्या सप्टेंबरात गटे ब्रेनर खिंडीतून उतरून या शहरातून गेला. त्याच्या प्रवासवर्णनात ब्रेनरपाशी हवामानाचे लांबलचक चिंतन आहे. डोंगरांच्या आकर्षणशक्तीने हवा कशी बदलते याचा एक सिद्धांतच त्याने मांडला आहे, जो आज टिकत नाही. बोत्सेनच्या बाजारात त्याला ऊन भेटले आणि पीच विकणाऱ्या बायका. भाषा बदलल्याची नोंद मात्र तो बरीच पुढे, रोव्हेरेतोला करतो. हवेची सीमा आणि भाषेची सीमा यांच्या नोंदी एकाच वहीत ठेवणारा हा प्रवासी आम्हांला आजच्या चौकटीपेक्षा अधिक विश्वासार्ह वाटतो, त्याचे भौतिकशास्त्र चुकले असले तरी.

ऋतूचे वाचन चुकते कसे आणि सुधारते कसे, याचा नमुना बोल्त्सानोच्या पुरातत्त्व संग्रहालयातच आहे. १९ सप्टेंबर १९९१ रोजी ३२१० मीटर उंचीवर बर्फात सुमारे ५३०० वर्षांपूर्वीच्या माणसाचा देह सापडला. त्या साली उन्हाळा कडक होता आणि सहारातून उडून आलेल्या धुळीने बर्फ अधिक वितळला होता. मोजणीअंती जागा सरहद्दीपासून ९२ मीटर इटलीच्या हद्दीत निघाली. माणसाला नाव मात्र ऑस्ट्रियाच्या बाजूच्या खोऱ्यावरून पडले, योत्सी. त्याच्याजवळ एक रानबोर सापडले होते, शरदात पिकणारे. त्यावरून प्रथम सांगितली गेलेली गोष्ट हवामानाची होती : शरदातल्या वादळात सापडून तो थंडीने गेला. पुढे त्याच्या आतड्यात एका झाडाचे ताजे परागकण सापडले, जे खालच्या खोऱ्यात वसंतात ते उन्हाळ्याच्या आरंभी फुलते. आणि २००१ मध्ये क्ष-किरणांत खांद्यात रुतलेले बाणाचे टोक दिसले. ऋतू बदलला आणि कथाही बदलली. आज तो उणे ६ अंशांच्या, कृत्रिम हिवाळ्याच्या खोलीत आहे. बाहेर ३५ अंश असताना लोक रांग लावून एका लहान खिडकीतून त्याला पाहतात.

त्याला उघडे पाडणारी उष्णता आता नियमित झाली आहे, आणि दोन्ही पंचांगे डळमळू लागली आहेत. २०१८ च्या ऑक्टोबरअखेर, टोर्गेलनच्या ऐन दिवसांत, 'व्हाया' नावाच्या वादळाने ईशान्य इटलीतली लक्षावधी झाडे आडवी केली; बोल्त्सानोजवळच्या कारेझा तळ्याभोवतीचे, चित्रांत शोभणारे रान त्यात गेले. ३ जुलै २०२२ रोजी शेजारच्या मार्मोलादा पर्वतावरचा हिमनदीचा कडा कोसळून ११ माणसे मेली; ज्या महिन्याला चौकट 'उत्तम' म्हणते तो हा महिना. शिवाय प्रवाशांचीच लोंढ्यासारखी भर. २०२२ मध्ये प्रांताने पर्यटकांच्या खाटांच्या संख्येवर मर्यादा घातली.

मराठी प्रवासी बहुधा मे महिन्यात निघतो, कारण त्याचा ऋतू शाळेच्या सुट्टीने ठरवलेला असतो. मे महिन्यात बोल्त्सानो शहर प्रसन्न असते, पण वरचे बहुतेक पाळणे हिवाळा आणि उन्हाळा यांच्या मधल्या फटीत बंद असतात, आणि डोंगरातल्या निवाऱ्याच्या झोपड्या जूनच्या मध्यापासून उघडतात. सफरचंदाचा बहर एप्रिलमध्येच येऊन गेलेला असतो. तो पाहायला एप्रिलात जाणाऱ्याने एखाद्या थंड रात्री पहाटे उठून बागांकडे जावे. दहिवराच्या भीतीने शेतकरी रात्रभर झाडांवर पाणी फवारतात. पाणी गोठताना थोडी ऊब सोडते आणि तेवढ्यावर कळी तगते. सूर्य उगवेपर्यंत सगळी बाग काचेची झालेली असते, आणि आत फुले जिवंत असतात.

ज्यांना तारीख निवडायची मुभा आहे त्यांना आम्ही सप्टेंबरचा शेवटचा आठवडा सुचवू. म्हाताऱ्यांचा उन्हाळा चालू असतो, रिटनचे बिऱ्हाडकरू खाली आलेले असतात, द्राक्षांची तोडणी सुरू असते. प्रांताच्या हवामान खात्याचा अंदाज जर्मन आणि इटालियन अशा दोन्ही भाषांत निघतो. भाषा येत नसल्या तरी सकाळी दोन्ही पाने शेजारी उघडून ठेवावीत आणि कोणता शब्द दोन्हींकडे सारखा दिसतो ते शोधावे. वारा उत्तरेचा असेल त्या दिवशी तो सापडेल.